पंखांना लावायचं कापड

१२ नोव्हेंबर

आज पुन्हा आम्ही दोघंही ओट्याशी उभं राहून जेवलो. जेवणाचं टेबल दादाच्या विमानानं बळकावलंय आणि ते तिथून हलवायचं नाही असा हुकूम आहे. वहिनी गेल्यावर मी या घरात राहायला आले ती दादाचं बघायला. आता विमानाचंही बघते.

सांगाडा मात्र देखणा झालाय. दादाचं आयुष्य कारखान्यात ओतकामाचे लाकडी साचे करण्यात गेलं, त्यामुळे हात बसलेला आहे. पंखाच्या पातळ पातळ फासळ्या एका ओळीत अशा उभ्या आहेत की एकही रेसभर पुढेमागे नाही. लाकूड इतकं हलकं की उचललं तर आपणच फसल्यासारखं वाटतं. आता यावर कापड ताणून बसवायचं, त्याला लाख पाजून ताठ करायचं, मोटार बसवायची, की झालं. रिमोटवर उडवायचं. आजवर त्यानं त्याच्या मित्राचं, मास्तरांचं, विमान उडवलं. आता स्वतः बनवलेलं, स्वतःच्या हातानं, एकदा तरी वर न्यायचं, एवढंच त्याचं म्हणणं आहे. या वयात माणसं काय काय मागतात, त्या मानानं हे काहीच नाही.

जेवता जेवता म्हणाला, "ए मीटर, कापड तू निवड. मला त्यातलं काय कळतं?"

मी लहानपणापासून दिसेल ते मोजायची म्हणून मला मीटर म्हणतो. मी "बघू" म्हटलं आणि भांडी घासायला घेतली. पण खरं सांगायचं तर एकच भांडं दोनदा घासलं. मी कामाला जाते त्या पडद्यांच्या दुकानात तयार पडदे यायला लागल्यापासून माझं कापायचं टेबल काढून टाकलंय. मी आता गल्ल्याजवळच्या खुर्चीत बसून पावत्यांवर शिक्के मारते. कापडाबद्दल मला कोणी काही विचारलं, त्याला किती दिवस झाले कोण जाणे.

१४ नोव्हेंबर

रंगावरून वाजलं. दादाला नारिंगी हवा. साधा नाही, झगझगीत. शिवाय खालच्या बाजूला काळे पट्टे!

मी म्हटलं, "विमान करतोयस की रस्ता बंद असल्याची पाटी?"

"वर गेल्यावर दिसायला हवं ना."

"दिसेल की. विमान आहे, मुंगी नाही."

"मास्तरांचंही नारिंगीच आहे."

"मास्तरांनी शाळेत जन्मभर चित्रकला शिकवली आणि घराच्या दाराला जांभळा रंग दिला. त्यांचं काय घेऊन बसलास?"

हसला. मग म्हणाला, "तुला योग्य वाटेल ते." दादाशी वाद जिंकणं हल्ली फार सोपं झालंय.

१९ नोव्हेंबर

कापडबाजार पालथा घातला. एकाकडे नायलॉन होतं, मजबूत पण जाड. एकाकडे पातळ पॉलिस्टर मिळालं. इस्त्री फिरवली की ते आक्रसून ताठ बसतं म्हणे. घरी तुकडा आणून दादाच्या टाकाऊ फासळ्यांवर लावून पाहिला. इस्त्री फिरवताच कापडानं असा ताण घेतला की फासळ्या करकरल्या आणि एक मोडलीच. सांगाडा नाजूक आणि कापड दांडगं, असा जोडा टिकायचा नाही.

तिसरीकडे रेशीम म्हणून काहीतरी दाखवलं. मी कडेचा धागा उपसून काडेपेटी मागितली. दुकानदार घाबरला. धागा पेटवला तर गोळी होऊन चिकटला. खरं रेशीम जळलं की केस जळल्याचा वास येतो आणि चिमटीत राख होते. मी ती गोळी त्याच्यापुढे ठेवली आणि उठले. फार दिवसांनी असं ताठ मानेनं दुकानातून उठले.

घरी येऊन दादाला सगळं साग्रसंगीत सांगितलं. तो ऐकत होता, पण मान वळवून, माझ्या कानाकडे कुठेतरी बघत. हल्ली त्याची ही नवी तऱ्हा आहे. सरळ तोंडाकडे बघत नाही. मी म्हटलं, "कंटाळा आला असेल तर सांग." तर म्हणाला, "नाही गं, सांग, सांग. राख कशी होते ते परत सांग."

२३ नोव्हेंबर

दादाचं काहीतरी बिनसलंय. समोरच्या घरातल्या वकीलबाई जिन्यात भेटल्या तर हा ओळख न देता निघून गेला. त्या मला म्हणाल्या, "तुमचे दादा रागावलेत का आमच्यावर?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. विचारलं तर म्हणतो लक्ष नव्हतं. पेपर तर महिनाभर उघडलेला नाही, "बातम्यांत काही राम नाही" म्हणे. गेल्या आठवड्यात डोळे तपासून आला. काय म्हणाले विचारलं तर, "नंबर वाढलाय थोडा." मग नवा चष्मा कुठे आहे? तर "करू सावकाश." आळस, दुसरं काय!

काम मात्र सोडत नाही. खिडकीशी बसून फासळ्यांवरून बोटं फिरवत असतो. बघतही नाही त्यांच्याकडे, नुसती बोटं.

आज परत विचारलं, "कापडाचं कुठवर आलं?" मी म्हटलं, घाई करू नकोस, चांगल्या कामाला वेळ लागतो. त्यावर, "वेळ लागू दे गं, पण फार नको." विमान काय पळून चाललंय?

२८ नोव्हेंबर

मिळालं! आणि कुठे, तर आमच्याच दुकानात. काखेत कळसा अन् गावाला वळसा. माळ्यावर तुकड्यांची पेटी आहे, तिच्या तळाशी एक गुंडाळी होती. कोणीतरी कधीकाळी झिरझिरीत पडद्यांसाठी मागवलेली आणि न नेलेली. दुधी पांढरा रंग, आत अगदी किंचित निळी झाक. धागा जाळून पाहिला, वास तोच. ओठांशी धरून फुंकर मारली तर जेवढी हवा जायला हवी तेवढीच गेली. विणीत कुठे गाठ नाही. उजेडाला धरलं तर नुसता उजेडच हातात आहे असं वाटलं. मालकांनी "घेऊन जा, पडूनच आहे" म्हटलं. त्यांना कळलंही नाही आपण काय दिलं ते.

दादानं दोन्ही हातांत घेतलं, गालाला लावलं. "काय कापड आहे गं!" म्हणाला. मग जरा थांबून, "रंग कोणता?"

"दिसत नाही का? पांढरा. निळसर."

"हां, हां. दिव्यामुळे कळलं नाही." परत थांबून म्हणाला, "हे नारिंगी रंगवून घेता येईल का?"

मी त्याच्या हातातून काढूनच घेतलं. अशा कापडाला रंगाच्या बादलीत बुडवायचं? आणि रंगवलं की उकळणं आलं, उकळलं की त्याची झळाळी गेली, सगळं सांगितलं. आवाज जरा चढलाच माझा. नारिंगी रेशमात कोणी आभाळात जातं का? आभाळात जायचं तर आभाळासारखं जावं.

त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तू किती दिवसांनी अशी बोलतेयस." आणि, "असू दे. पांढरंच असू दे." मला इतकं बरं वाटलं की मी त्याला दुसऱ्यांदा चहा दिला, साखरेचा.

५ डिसेंबर

पंख झाले. माझी पाठ गेली. पण लिहिल्याशिवाय राहवत नाही.

कापडाचा उभा धागा पंखाच्या लांबीनं धरायचा, तिरका जाता कामा नये, नाहीतर वाळताना पंख पिळतो. हे मी दादाला शिकवलं, त्यानं मला नव्हे. कापड ओलं करून अंथरलं, कडांना लाख लावून चिकटवलं, आणि दोघांनी दोन्ही बाजूंनी हळूहळू ओढत सुरकुत्या काढल्या. दादाचे हात चालतात छान, पण सुरकुती कुठे राहिली ते मला सांगावं लागे. "डावीकडे, अजून डावीकडे, आता बोटाखाली आहे." वहिनीचा विषय निघाला. तिला हा वास सोसला नसता यावर आमचं एकमत झालं. खिडक्या सताड उघड्या ठेवूनही डोकं भणभणत होतं.

मग पंख फळीला टाचून वर पुस्तकं ठेवली, वाळताना वाकू नये म्हणून. काढला तेव्हा कापड टणक बसलं होतं. टिचकी मारली तर टण्ण वाजलं. दादानं पुन्हा पुन्हा टिचक्या मारल्या. मी कारखान्यात असतो तर तुला माझ्या हाताखाली घेतली असती, म्हणाला. मी म्हटलं, तू माझ्या हाताखाली असतास.

असा दिवस फार वर्षांत गेला नव्हता.

११ डिसेंबर

मास्तर विमान बघायला आले. कापडाला हात लावून म्हणाले, "वा! झकास बसवलंय. पण अहो, हा रंग वर गेल्यावर..." तेवढ्यात दादा मध्येच म्हणाला, "मास्तर, बाल्कनीत चला, मोटारीचं काहीतरी विचारायचंय." दोघं बाहेर जाऊन बराच वेळ बोलत बसले. मास्तर परत आले ते गप्पच. चहा अर्धा ठेवून गेले. जळतात, दुसरं काय.

जाता जाता मला मात्र म्हणाले, "मी काय म्हणतो, शेपटीला तरी एक नारिंगी पट्टी मारा."

मी म्हटलं, "मास्तर, तुम्ही तुमच्या दाराचं बघा."

१४ डिसेंबर

रविवार. दादा आणि मास्तर मैदानावर गेले होते, मीही गेले. दादानं मास्तरांचं नारिंगी धूड उडवलं. चांगलं उडवतो की! गोल गोल फेऱ्या, मग सरळ, मग अलगद खाली. मान तेवढी वाकडी करून उभा राहतो, कोंबडा आवाज ऐकताना राहतो तसा. मी त्याला म्हटलं, फोटो काढला तर मान मोडलेली येईल.

आता पुढच्या रविवारी आपलं.

२१ डिसेंबर

काय लिहू?

सकाळी आभाळ पांढरं होतं, ऊन नव्हतं, वारा नव्हता. मास्तर म्हणाले, "आज नको, निळं आभाळ असेल त्या दिवशी करू." दादा म्हणाला, "आजच." कधी नाही ते इतकं ठाम.

जमिनीवरून धावलं आणि उठलं. आमच्या डोक्यावरून गेलं तेव्हा कापडातून उजेड आरपार आला, फासळी न् फासळी दिसली. मी टाळ्या वाजवल्या. लहान मुलीसारख्या उड्या मारायच्याच राहिल्या. मग ते वर गेलं.

दादानं विचारलं, "कुठे आहे गं?"

मला वाटलं चेष्टा करतोय. मी म्हटलं, "वर! विमान आहे ते, वरच असणार."

"दिसतंय ना तुला?"

"दिसतंय तर! काय सुंदर दिसतंय!"

खरं म्हणजे तेव्हा ते नेमकं कुठे होतं ते मला कळत नव्हतं. आवाज येत होता आणि मी आवाजाकडे बघून म्हणाले. आता ते दिसेनासं झालंय असं म्हणणं जिवावर आलं. माझंच कापड होतं ना.

मास्तर ओरडले, "डावीकडे घे, डावीकडे! उचल!" दादा उभा होता, रिमोट छातीशी, आणि तोंड भलतीकडेच. विमानाचा आवाज माझ्या उजवीकडून येत होता आणि हा डावीकडे बघत होता. मग आवाज बदलला आणि झाडांपलीकडे थांबला.

मास्तर घेऊन आले. एक पंख मधोमध मोडला होता. दादानं खाली बसून हात फिरवला. म्हणाला, "बघ, लाकूड मोडलं पण तुझं कापड कुठे फाटलं नाही. पक्कं निघालं."

२२ डिसेंबर

दादा जेवला नीट. टेबल मोकळं करून दिलं त्यानं. आम्ही दोघं बसून जेवलो, समोरासमोर.

२४ डिसेंबर

दुकानातून परस्पर मास्तरांकडे गेले. जांभळं दार त्यांनीच उघडलं. मी उभ्या उभ्याच विचारलं, "दादाच्या डोळ्यांना काय झालंय?"

त्यांनी आधी मला बसवलं. दादानं शपथ घातली होती म्हणे. त्याला समोरचं, मधलं दिसत नाही. कडेचं दिसतं, म्हणून तो मान तिरकी करतो. डॉक्टरांनी सांगितलंय, हे वाढत जाणार, औषध नाही. "तुम्हाला कळलं तर तुम्ही विमान माळ्यावर टाकाल, मैदान बंद कराल, असं म्हणाला. खोटं आहे का?" खोटं नाहीच.

मग मी विचारायला नको ते विचारलं. कापड नारिंगी असतं तर?

मास्तर चष्मा पुसत बसले. म्हणाले, "नारिंगी त्याला कडेनं दिसायचं. तुम्ही पाहिलंत ना त्या रविवारी. तुमचं तर मलाही दिसत नव्हतं, माझे डोळे चांगले आहेत तरी. मी आवाजावरून डावीकडे, डावीकडे करत होतो." आणि थोड्या वेळानं म्हणाले, "बाल्कनीत मी त्याला सांगितलं होतं की बहिणीला बोलतो. तर म्हणाला, राहू द्या, फार दिवसांनी ती खूश आहे."

घरी चालत आले. महिनाभर मी रोज त्याच्यासमोर होते. तो काय मागतोय ते त्यानं चांगल्या मराठीत सांगितलं होतं, आणि मी त्याला चव शिकवत बसले. विणीतली गाठ मला हातभरावरून दिसते. माझ्या भावाला दिसत नाही हे नाही दिसलं.

२८ डिसेंबर

दादानं हत्यारं एका खोक्यात भरून मास्तरांना देऊन टाकली. मास्तर म्हणाले, "माझं विमान घे, रविवारी ये." तर दादा म्हणाला, "नको मास्तर. डोळ्यांनी दगा दिला. त्या आधीच्या रविवारी दिसत होतं, आठवड्यात गेलं सगळं. आता कोणाच्या डोक्यावर पाडायचंय का?"

आठवड्यात गेलं सगळं! असं त्याला वाटतंय. मी ओट्याशी उभी राहून ऐकलं. बोलायचं धाडस झालं नाही. बोललं पाहिजे. डोळ्यांत जेवढं उरलंय तेवढ्यात तो अजून उडवू शकतो, पण हे त्याला कोण पटवणार? जिनं घोळ घातला तिनंच.

३ जानेवारी

आज बोलले.

तो बाल्कनीत ऊन खात बसला होता. मी स्टूल ओढून त्याच्या बाजूला बसले, समोर नाही, म्हणजे मी त्याला दिसेन. मास्तरांनी सांगितलं ते सगळं मला कळलंय, हे आधी सांगितलं. तो चिडला नाही. "कधीतरी कळणारच होतं," एवढंच म्हणाला.

मग मी म्हटलं, "दादा, तुझे डोळे आठवड्यात नाही गेले. कापडाचा दोष होता. पांढऱ्या आभाळात पांढरं विमान. ते कोणालाच दिसत नव्हतं. मास्तरांना नाही, मलाही नाही. तू नारिंगी मागितलंस आणि मी ऐकलं नाही. मास्तरांचं विमान तुला आजही दिसेल. उद्या रविवारच आहे. चल."

तो हसला. माझा हात शोधून त्यावर थोपटलं.

"मीटर, तुला खोटं बोलता येत नाही. नको बोलूस."

"खोटं नाही रे! देवाशप्पथ."

"अगं, मी विचारलं होतं ना तुला तेव्हा? दिसतंय का म्हणून. तूच म्हणालीस, काय सुंदर दिसतंय. तुझा आवाज मला अजून ऐकू येतो. इतकी खूश होऊन कोणी खोटं बोलत नाही."

मी म्हटलं, "तेव्हा खोटं बोलले."

"तेव्हा नाही. आत्ता बोलतेयस, मला बरं वाटावं म्हणून." आणि परत थोपटलं. "बरं वाटलं. चहा टाक."

मास्तरांना उद्या बोलावीन, त्यांच्याकडून वदवून घेईन, असं मनाशी म्हटलं. पण तो काय म्हणेल ते मला आत्ताच माहीत आहे. तिनं शिकवून पाठवलं ना तुम्हाला, म्हणेल. मी आत गेले आणि चहा टाकला.